वळविणे आणि फिरविणे : एका सदिशाला दुसऱ्याच्या दिशेत आणण्याच्या सूत्रांची समीक्षा

अवकाशातील एकाच बिंदूपासून निघणारे दोन एकक सदिश दिले आहेत. पहिला फिरवून दुसऱ्याच्या दिशेत आणावयाचा आहे. गणित किंवा भौतिकशास्त्र घेऊन पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्याला हा प्रश्न विचारला असता उत्तर सहसा तत्काळ मिळते. दोन सदिशांचा सदिश गुणाकार काढावा, त्यातून फिरण्याचा अक्ष मिळतो. अदिश गुणाकार काढावा, त्यातून कोनाचा कोसाइन मिळतो. अक्ष आणि कोन हाती आले की ते रोद्रीग यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्रात घालावेत आणि घूर्णनाचा आव्यूह लिहून मोकळे व्हावे. पाठ्यपुस्तकाला या विषयासाठी अर्धे पान पुरते आणि बहुतेक वेळा त्या अर्ध्या पानावर वाचक थांबतही नाही.

प्रस्तुत लेखात या अर्ध्या पानाची चिकित्सा केली आहे. उत्तर चुकीचे आहे असा दावा येथे नाही. मात्र त्या उत्तरात एक निवड गृहीत धरलेली असते. ती निवड आहे हे सांगितले जात नाही, आणि एका विशिष्ट दिशेला ती निवड करताच येत नाही हेही सांगितले जात नाही. हॅमिल्टन आणि रोद्रीग यांच्या एकोणिसाव्या शतकातील लेखनापासून संगणकीय चित्रणाच्या क्षेत्रातील १९९९, २०१२ आणि २०१७ या वर्षांतील तीन शोधनिबंधांपर्यंत ही निवड कोणी कशी हाताळली, हा या समीक्षेचा विषय होय.

या संदर्भात मराठी भाषेने एक भेद आयताच हाती दिला आहे. मान वळविली जाते, चाक फिरविले जाते. बैल वळवितात, जाते फिरवितात. बोलण्याच्या ओघात हे दोन शब्द कधी एकमेकांच्या जागी येतात हे खरे. तथापि त्यांच्या गाभ्यातील अर्थ निराळे आहेत. वळविण्यात केवळ रोख बदलणे अभिप्रेत असते. फिरविण्यात संपूर्ण वस्तू, तिच्या प्रत्येक कणासह, एका आसाभोवती जागा बदलते. सदिशाला दिशा आणि परिमाण यांखेरीज काही नसते, म्हणून सदिश वळतो. घूर्णनाचा आव्यूह मात्र अवकाशातील यच्चयावत बिंदू फिरवितो. या प्रश्नात विचारले जाते वळविण्याविषयी आणि उत्तर दिले जाते ते फिरविण्याचे. सारी गुंतागुंत या एका तफावतीतून उद्भवते.

उघडलेल्या छत्रीची दांडी सूर्याच्या रोखाने धरावयाची आहे असे समजू. दांडी सूर्याकडे वळली की काम झाले. त्यानंतर दांडी बोटांत गिरकावली तर दांडीचा रोख तोच राहतो, परंतु छत्रीच्या काड्या हव्या तितक्या फिरतात. अवकाशातील घूर्णनाला तीन स्वतंत्र राशी लागतात. दिशा ठरविण्यात त्यांपैकी दोन खर्ची पडतात, एक मोकळी राहते. म्हणून ‘अ’ या एकक सदिशाला ‘ब’ या एकक सदिशावर आणणारी घूर्णने एक नसून अनंत आहेत. त्यांचे अक्ष कोठे असतात हेही सहज सांगता येते. अक्षाशी ‘अ’ आणि ‘ब’ यांचे कोन समान असले पाहिजेत, म्हणजे अक्ष त्या दोहोंच्या मधोमध जाणाऱ्या लंबदुभाजक प्रतलात कोठेही असू शकतो. त्या प्रतलातील एका टोकाची निवड म्हणजे दोन्ही सदिशांना लंब असलेला अक्ष. तेथे फिरण्याचा कोन सर्वांत लहान असतो. दुसऱ्या टोकाची निवड म्हणजे ‘अ + ब’ ही मधली दिशा. तिच्याभोवती बरोबर अर्धा फेरा दिला तरी ‘अ’ हा ‘ब’ वर येतोच. पाठ्यपुस्तक यांपैकी पहिली निवड करते. ती सोयीची आहे, स्वाभाविकही आहे. परंतु ती निवड आहे.

क्वाटर्नियनच्या इतिहासात हा प्रश्न अगदी केंद्रस्थानी होता, याचा आज जवळजवळ विसर पडला आहे. विल्यम रोवन हॅमिल्टन यांना १६ ऑक्टोबर १८४३ रोजी डब्लिनजवळच्या कालव्याकाठी क्वाटर्नियनच्या गुणाकाराचे नियम सुचले, ही कथा सर्वश्रुत आहे. त्यांनी पुढे आपल्या ग्रंथांतून क्वाटर्नियनची जी व्याख्या रूढ केली तिच्याकडे मात्र कमी लक्ष गेले. त्यांच्या मते क्वाटर्नियन म्हणजे दोन सदिशांचा भागाकार: ‘ब’ ला ‘अ’ ने भागले असता जी राशी मिळते तिने ‘अ’ ला गुणले की ‘ब’ मिळतो. म्हणजे ‘एका सदिशाला दुसऱ्याच्या दिशेत आणणारी गोष्ट कोणती’ या प्रश्नाचे उत्तर हीच क्वाटर्नियनची व्याख्या होय. एकक सदिशांच्या बाबतीत या भागाकाराचा अदिश भाग ‘अ·ब’ आणि सदिश भाग ‘अ×ब’ असा येतो. आज दोन निरनिराळ्या प्रकरणांत शिकविले जाणारे दोन गुणाकार तेथे एकाच राशीच्या दोन अंगांच्या रूपाने नांदत होते. जोसाया विलर्ड गिब्ज यांनी १८८१ ते १८८४ या काळात येल येथील आपल्या विद्यार्थ्यांसाठी छापलेल्या टिपणांतून ही अंगे वेगळी केली, आणि विल्सन यांच्या १९०१ च्या ग्रंथाने ती फारकत जगभरच्या वर्गांत पोहोचविली. अकरावीच्या भौतिकशास्त्रात आजही हे दोन गुणाकार वेगवेगळे शिकविले जातात. ही फारकत उपयुक्त ठरली यात शंका नाही; मात्र दोन्ही गुणाकार मिळून कोणत्या एका प्रश्नाचे उत्तर होते, हे त्यात हरवले.

परंतु हॅमिल्टन यांचे उत्तर वळविण्याचे होते, फिरविण्याचे नव्हते. ‘जे’ या एककाला ‘आय’ ने गुणले की ‘के’ मिळतो, म्हणून ‘आय’ हा पाव फेरा, अशी त्यांची मांडणी. ‘आय’ च्या अक्षाला लंब असलेल्या सदिशापुरती ती निर्दोष आहे. संपूर्ण अवकाश फिरवावयाचा झाल्यास मात्र सदिशाला डावीकडून क्वाटर्नियनने आणि उजवीकडून त्याच्या व्यस्ताने गुणावे लागते. आर्थर केली यांनी १८४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या दुहेरी गुणाकारात कोन दुप्पट होतो. ‘आय’ हा पाव फेरा न राहता अर्धा फेरा होतो आणि ‘जे’ चे रूपांतर ‘के’ मध्ये न होता उणे ‘जे’ मध्ये होते. अर्ध्या कोनाचे हे रहस्य ओलांद रोद्रीग यांनी त्याच्या पाच वर्षे आधीच, १८४० मध्ये, ल्यूव्हील यांच्या नियतकालिकातील प्रदीर्घ निबंधात उलगडले होते. दोन घूर्णने लागोपाठ केली असता होणारे एकत्रित घूर्णन त्यांनी अर्ध्या कोनांच्या आधारे, शुद्ध भूमितीने काढून दाखविले. रोद्रीग व्यवसायाने पेढीवाले आणि सँ-सिमों यांच्या समाजवादी विचारांचे पुरस्कर्ते. गणिताच्या अध्यापनपीठाशी त्यांचा संबंध नव्हता. सायमन ऑल्टमन यांनी १९८९ च्या आपल्या लेखात या उपेक्षेचा समाचार घेतला आहे. एली कार्तां यांच्यासारख्या श्रेष्ठ गणितज्ञाने ओलांद आणि रोद्रीग अशा दोन व्यक्ती कल्पिल्या, हे त्यांनी दाखवून दिले. उपेक्षित व्यक्तीला एकाऐवजी दोन करणे हा स्मरणाचा मोठाच चमत्कारिक प्रकार म्हणावयाचा.

ऑल्टमन यांचा निवाडा असा की हॅमिल्टन चुकले आणि रोद्रीग बरोबर होते. हा निवाडा काहीसा कठोर वाटतो. दोघांनी सोडविलेले प्रश्न निराळे होते. हॅमिल्टन यांनी एका सदिशाचे काय होते ते सांगितले आणि उरलेल्या अवकाशाविषयी मौन पाळले. रोद्रीग यांनी संपूर्ण घन वस्तूचे काय होते ते सांगितले. दोष घडला तो पुढील पिढ्यांकडून. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर दुसऱ्या प्रश्नाचे नाव लिहिले गेले.

दोन्ही उत्तरांना जोडणारा दुवा मात्र आश्चर्यकारकरीत्या साधा आहे. हॅमिल्टन यांच्या भागाकारात पूर्ण कोन असतो, घूर्णनाला अर्धा हवा असतो. कोन अर्धा करण्यासाठी त्रिकोणमितीची सूत्रे किंवा व्यस्त कोसाइन यांची गरज नाही. भागाकाराच्या अदिश भागात १ मिळवावा आणि येणाऱ्या राशीची लांबी एक करून घ्यावी, इतकेच. यामागे शालेय भूमिती आहे: समान लांबीच्या दोन बाजूंवर समभुज चौकोन पूर्ण केला असता त्याचा कर्ण त्या बाजूंमधील कोन दुभागतो. येथे एक बाजू म्हणजे १ आणि दुसरी म्हणजे एकक लांबीचा भागाकार. ‘अ·ब’ ला ‘म’ आणि ‘अ×ब’ ला ‘स’ म्हटले तर ‘प’ हा कोणताही सदिश फिरून ‘म प + स×प + स (स·प) / (१ + म)’ असा होतो. वर्गमूळ नाही, साइन-कोसाइन नाहीत, कोन काढण्याचीही गरज नाही. सूत्रांच्या सौंदर्याचा विचार केला तर हे सूत्र निःसंशय वरच्या श्रेणीत बसेल.

त्याची नाजूक जागाही त्याच समभुज चौकोनात दडलेली आहे. दोन बाजू एकमेकींच्या बरोबर विरुद्ध दिशेत गेल्या की चौकोन मिटतो, कर्ण शून्य होतो, आणि शून्य लांबीच्या कर्णाला दिशा नसते. ‘ब’ जर उणे ‘अ’ असेल तर ‘म’ उणे १ होतो व छेदातील ‘१ + म’ शून्य होते. भूमितीच्या भाषेत सांगावयाचे तर उत्तर ध्रुवाहून दक्षिण ध्रुवावर जाण्यास प्रत्येक रेखांश सारखाच जवळचा असतो. सर्वांत लहान घूर्णन निवडण्याचा नियम तेथे कोणताच निर्णय देत नाही.

पुस्तकांतून या स्थितीची वासलात बहुधा ‘दोन्ही सदिश विरुद्ध दिशेत नसतील तर’ अशा एका उपवाक्याने लावली जाते. जणू तो एकच बिंदू वगळला की बाकी सर्वत्र क्षेम आहे. कागदावर ते खरेही आहे. संगणकावर ते खरे नाही. सिंगल प्रिसिजन पद्धतीत संख्या सुमारे सात दशांश अंकांपर्यंत नोंदली जाते. १ च्या लगेच खालच्या दोन शेजारी संख्यांमधील अंतर सुमारे ६ गुणिले १० चा उणे आठवा घात इतके असते. ‘ब’ हा विरुद्ध दिशेपासून ०.००१ रेडियन, म्हणजे साडेतीन मिनिटांहूनही कमी कोनाने दूर आहे असे धरू. तेव्हा ‘१ + म’ ची किंमत ५ गुणिले १० चा उणे सातवा घात इतकी येते आणि ‘म’ च्या नोंदीत अर्ध्या पायरीची चूक असली तरी या किमतीत सुमारे ६ टक्क्यांची चूक शिरते. छेदात बसलेली ही चूक जशीच्या तशी उत्तरात उतरते. त्यामुळे मिळणारा आव्यूह घूर्णनाचा राहत नाही. त्याचे स्तंभ एकमेकांना लंब नसतात, त्यांची लांबी एक नसते. एका बिंदूचा म्हणून वगळलेला दोष प्रत्यक्षात त्या बिंदूभोवतीच्या एका छोट्या चकतीचा असतो.

टोमास मोलर आणि जॉन ह्यूझ यांच्या १९९९ मधील निबंधाचे महत्त्व येथे ध्यानात येते. ‘जर्नल ऑफ ग्राफिक्स टूल्स’ या नियतकालिकातील हा निबंध अवघ्या चार पानांचा आहे. सर्वसाधारण स्थितीत त्यांनी वरील सूत्राच्याच तोडीची रीत दिली. दोन सदिश जवळजवळ एकाच रेषेत आले की मात्र ते निराळा मार्ग धरतात: सहनिर्देशक अक्षांपैकी सोयीचा एक अक्ष मध्यस्थ म्हणून घ्यावयाचा, एका परावर्तनाने ‘अ’ त्या अक्षावर आणावयाचा, दुसऱ्या परावर्तनाने तो अक्ष ‘ब’ वर न्यावयाचा. दोन परावर्तने मिळून एक घूर्णन होते, ही जुनी भूमिती. ही रीत बरोबर विरुद्ध दिशेतही कोठे अडत नाही, हा तिचा मोठा गुण. परंतु मध्यस्थ घेतला की मिळणारे घूर्णन सर्वांत लहान राहत नाही. सीमारेषेच्या अलीकडे एक निवड आणि पलीकडे दुसरी, अशी स्थिती होते, आणि सदिश हळूहळू सरकत सीमा ओलांडतो तेव्हा आव्यूह मात्र उडी मारतो. ‘अ’ आणि ‘ब’ एकाच दिशेचे असताना तर या फाट्याची गरजही नव्हती. तेथे ‘१ + म’ ची किंमत २ च्या जवळ असते आणि मूळ सूत्र पूर्णपणे निर्धोक असते. एकाच रेषेत असणे आणि विरुद्ध दिशेत असणे या दोन स्थिती एका कसोटीत बसविल्यामुळे निष्कारण एक सीमा वाढली, असे या निबंधाविषयी म्हणावे लागते.

येपे फ्रिस्वाड यांनी २०१२ मध्ये त्याच नियतकालिकात हा प्रश्न एका विशेष रूपात घेतला: झेड अक्षाला दिलेल्या एकक सदिशावर आणावयाचे आणि त्यासोबत एक्स व वाय अक्ष कोठे जातात ते लिहावयाचे. अशी तीन लंब अक्षांची चौकट चित्रणाच्या प्रत्येक कामात लागते; पृष्ठभागाच्या लंबाभोवती प्रकाशाचे किरण कसे विखुरतात हे मोजताना ती एका चित्रासाठी कोट्यवधी वेळा रचावी लागते. क्वाटर्नियनच्या मार्गाने जाऊन फ्रिस्वाड यांनी जे सूत्र काढले त्यात वर्गमूळ नाही, लांबी एक करून घेण्याची पायरी नाही, केवळ एक भागाकार आणि थोडे गुणाकार आहेत. सूत्र इतके आटोपशीर होते की ते उचलून घेण्याचा मोह टाळणे कठीण होते. विरुद्ध दिशेसाठी त्यांनी वेगळी अट ठेवली होती: सदिशाचा झेड घटक उणे ०.९९९९९९९ पेक्षा कमी असल्यास ठरावीक चौकट द्यावी.

या अटीतच खरी चूक आहे आणि ती बीजगणिताची नाही. उणे ०.९९९९९९९ या सीमेवर ‘१ + म’ ची किंमत १० चा उणे सातवा घात, म्हणजे संगणकाच्या लहानात लहान पायरीच्या दुपटीहूनही कमी असते. सीमेच्या अलीकडे, जेथे सूत्र अद्याप वापरले जाते, तेथे किमतीचा जवळजवळ तिसरा हिस्सा चुकीचा असू शकतो. कुंपण घातले, पण ते खड्ड्याच्या काठावर न घालता खड्ड्यात उतरून घातले, असा हा प्रकार झाला.

असा दोष चाचणीत सापडत का नाही, याचे उत्तर अध्यापकांना विशेष उद्बोधक वाटावे. गोलाच्या टोपीचे क्षेत्रफळ तिच्या उंचीच्या प्रमाणात असते, हे आर्किमिडीजपासून ज्ञात आहे. ज्या चकतीत चूक ६ टक्क्यांच्या किंवा त्याहून अधिक पातळीवर जाऊ शकते तिची उंची ५ गुणिले १० चा उणे सातवा घात. संपूर्ण गोलाच्या मानाने तिचा हिस्सा ४० लाखांत एक. यदृच्छेने निवडलेल्या एक लाख सदिशांवर सूत्र तपासले तर त्यांपैकी एकही त्या चकतीत पडणार नाही अशीच दाट शक्यता. दुसरीकडे, १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या एका चित्रात सुमारे २० लाख ७३ हजार बिंदू असतात. प्रत्येक बिंदूसाठी शंभर किरण धरले तर वीस कोटींहून अधिक सदिश होतात आणि सर्व दिशा समान शक्यतेच्या धरल्या तरी पन्नासएक सदिश त्या चकतीत हमखास पडतात. शिवाय चित्रांतील दिशा यदृच्छेने आलेल्या नसतात. खोलीच्या छताचा लंब थेट खाली असतो आणि किंचित उंचसखल छताचा लंब थेट खालच्या दिशेच्या अगदी आसपास असतो. सरासरीत नगण्य ठरणारी दिशा व्यवहारात वारंवार समोर येते.

पिक्सार या चित्रपटनिर्मिती संस्थेतील टॉम डफ आणि त्यांच्या सहा सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ‘जर्नल ऑफ कंप्युटर ग्राफिक्स टेक्निक्स’ मध्ये या सूत्राची फेरतपासणी प्रसिद्ध केली. विरुद्ध दिशेजवळची चूक त्यांनी मोजून दाखविली आणि सुधारणा सुचविली. सुधारणा अत्यंत चतुर आहे. सदिश वरच्या गोलार्धात असेल तर मूळ सूत्रच वापरावे. खालच्या गोलार्धात असेल तर आधी एक्स अक्षाभोवती अर्धा फेरा देऊन झेड अक्ष खाली आणावा आणि तेथून सर्वांत लहान घूर्णनाने सदिशापर्यंत जावे. दोन्ही गोलार्धांत छेद १ किंवा त्याहून मोठाच राहतो, म्हणून शून्याजवळ जाण्याचा प्रसंगच येत नाही. दोन्ही स्थिती केवळ एका चिन्हाच्या फरकाने एका सूत्रात बसतात. आपल्या क्षेत्रात रूढ होऊ लागलेले सूत्र सात जणांनी पुन्हा हाती घ्यावे, मोजावे आणि आठ पानांत दुरुस्त करावे, ही विद्याव्यवहारातील विरळ आणि स्वागतार्ह घटना होय. नवे सूत्र मांडण्यापेक्षा छापलेले सूत्र तपासण्याला प्रतिष्ठा कमी मिळते, हे कोणत्याही विद्याशाखेतील अध्यापकाला सांगावयास नको.

तथापि या दुरुस्तीलाही किंमत आहे आणि ती मोजली पाहिजे. विषुववृत्तावर दोन गोलार्धांची दोन सूत्रे एकमेकांना भिडतात का, हे पाहणे कठीण नाही. सदिश वाय अक्षाच्या दिशेत असेल तर दोन्ही सूत्रे एकच चौकट देतात. सदिश एक्स अक्षाच्या दिशेत असेल तर वरच्या सूत्रानुसार चौकटीचा पहिला अक्ष थेट खाली जातो, तर खालच्या सूत्रानुसार तोच अक्ष थेट वर जातो. दुसरा अक्षही उलटा होतो. म्हणजे विषुववृत्त ओलांडताच चौकट सदिशाभोवती अर्धा फेरा घेते. इतर ठिकाणी ही उडी कमी-अधिक असते. एका बिंदूवरचा दोष नाहीसा करताना एका संपूर्ण वर्तुळावर भेग पडली. प्रत्येक ठिकाणचा आकडा अचूक आहे, परंतु शेजारच्या आकड्याशी त्याचा मेळ नाही. किरण लंबाभोवती सर्व बाजूंना सारखे विखुरत असतील तेथे काड्या कोणीकडे आहेत याला महत्त्व नसते आणि ही भेग दिसत नाही. घासलेल्या धातूसारखा, एका दिशेत रेघा असलेला पृष्ठभाग असेल किंवा सावकाश वळणाऱ्या कॅमेऱ्याची चौकट रचावयाची असेल, तेथे ती तत्काळ डोळ्यांत भरेल.

याहून चतुर सूत्र कोणी काढील आणि ही भेगही बुजवील, अशी आशा बाळगण्यात अर्थ नाही. झेड अक्षाला प्रत्येक दिशेवर आणणारे घूर्णन अखंडपणे, कोठेही उडी न घेता निवडता आले, असे क्षणभर मानू. मग प्रत्येक घूर्णनाने एक्स अक्ष कोठे नेला ते पाहावे. तो त्या त्या दिशेला लंब राहतो, म्हणजे गोलाच्या पृष्ठाला त्या बिंदूपाशी स्पर्श करून असतो. त्याची लांबी सर्वत्र एक असते. अशा रीतीने संपूर्ण गोलावर, कोठेही शून्य न होणारे अखंड स्पर्शी सदिशक्षेत्र तयार होईल. परंतु असे क्षेत्र असूच शकत नाही. द्विमितीय गोलपृष्ठासाठी हे पुआंकारे यांनी एकोणिसाव्या शतकात दाखविले आणि ब्रॉवर यांनी १९१२ मध्ये सर्व सम मितींच्या गोलपृष्ठांसाठी सिद्ध केले. केसाळ चेंडूवरील केस कोठेही भोवरा न पडता विंचरता येत नाहीत, या लोकप्रिय रूपात हा सिद्धांत अनेकांना ठाऊक असतो. आपल्याकडे डोक्यावरच्या भोवऱ्याविषयी शुभाशुभाचे संकेत पुष्कळ सांगितले जातात. पूर्ण गोलाला भोवरा टळत नाही, एवढे मात्र गणिताने निश्चित केले आहे.

यानंतर तिन्ही निबंधांकडे पुन्हा पाहिले असता त्यांच्यातील फरक गुणवत्तेपेक्षा जागेच्या निवडीचा दिसू लागतो. फ्रिस्वाड यांनी भोवरा एका बिंदूत ठेवला, आणि त्या बिंदूभोवती आकडेमोड ढासळली. डफ आणि सहकाऱ्यांनी भोवरा फोडून विषुववृत्तावर पसरविला. मोलर आणि ह्यूझ यांनी तो सीमारेषांवर आणि मध्यस्थ अक्षाच्या बदलांवर विभागला. भोवरा कोठे ठेवावा हे कामाच्या स्वरूपावर अवलंबून आहे, सूत्रावर नाही. म्हणूनच सूत्रासोबतचा मजकूर सूत्राइतकाच महत्त्वाचा ठरतो. प्रत्यक्षात निबंधातील सूत्र उचलले जाते, मजकूर मागे राहतो. आणि आज्ञावलीच्या चार ओळी एका संचातून दुसऱ्या संचात जाताना आपल्या अटी सोबत नेत नाहीत.

अंतराळयानांच्या क्षेत्रात ही सावधगिरी बरीच आधी आली, कारण तेथे छत्रीच्या काड्यांनाही महत्त्व होते. यानाने सूर्याची दिशा टिपली तरी यानाची स्थिती ठरत नाही. सूर्याच्या दिशेभोवती ते कितीही गिरकावलेले असू शकते. दुसरी दिशा, उदाहरणार्थ एखाद्या ताऱ्याची किंवा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची, टिपावीच लागते. हॅरोल्ड ब्लॅक यांनी १९६४ मध्ये दोन दिशांवरून स्थिती काढण्याची रीत दिली, आणि ग्रेस वाहबा यांनी १९६५ मध्ये दोन किंवा अधिक दिशांच्या सदोष नोंदींवरून सर्वांत जुळणारे घूर्णन शोधण्याचा प्रश्न मांडला. उत्तर शोधण्यापूर्वी प्रश्न पुरेसा आहे की नाही हे त्यात तपासलेले होते. पाठ्यपुस्तकातील अर्ध्या पानावर हे एक वाक्य आले असते तरी पुष्कळ साधले असते.

सर्वांत लहान घूर्णनाच्या निवडीवर आणखी एक आक्षेप उरतो, आणि तो विरुद्ध दिशेशी निगडित नाही. ही निवड साखळीत टिकत नाही. ‘अ’ वरून ‘ब’, ‘ब’ वरून ‘क’ असे दोन वेळा सर्वांत लहान घूर्णन केले तर त्यांची बेरीज ‘अ’ वरून थेट ‘क’ वर जाण्याच्या सर्वांत लहान घूर्णनाइतकी सहसा येत नाही. गोलावरील त्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ जितके, तितकी तफावत काड्यांत पडते. वर्गात यासाठी फळा किंवा खडू लागत नाही. उजवा हात अंगालगत खाली सोडावा, अंगठा समोर ठेवावा. हात बाजूने वर उचलून खांद्याच्या रेषेत आडवा धरावा. अंगठा अजून समोरच असतो. मग मनगट न पिळता हात आडवाच समोर आणावा. अंगठा आता डावीकडे झाला. शेवटी हात समोरून सरळ खाली आणावा. हात निघाला तेथेच परतला आहे, तिन्ही वेळा त्याने जवळचाच मार्ग घेतला आहे, आणि समोर असलेला अंगठा मात्र काटकोनात वळून डावीकडे रोखलेला आहे.